निळी चिठ्ठी आणि नर्सिंगची शाळा

मृगाआधी धूळवाफ पेरणीसाठी भाताचे बियाणे आणावयास आपण दुकानी जातो, तेव्हा पिशवी हाती घेताच प्रथम चिठ्ठी पाहतो. प्रमाणित बियाण्याला निळी, पायाभूत बियाण्याला पांढरी. वाण कोणते, उगवणशक्ती किती, मुदत कधीपर्यंत, हे सारे तीवर छापलेले असते, आणि ते छापणे १९६६ च्या बियाणे कायद्याने बंधनकारक आहे. एवढ्यावरही जाणत्या शेतकऱ्याचे समाधान होत नाही. तो शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि कोंब किती आले ते पाहून मगच पेरणीस हात घालतो. इतके करूनही फसगत झालीच, तर एक हंगाम जातो. पोटाला चिमटा बसतो, पण पुढचे वर्ष हाती असते.

मुलीला नर्सिंगला घालताना मात्र हाच शेतकरी चिठ्ठी मागत नाही. बारावीचा निकाल लागतो न लागतो तोच गावात एजंट येतो. त्याच्याजवळ रंगीत पुस्तिका असते, तीत पांढऱ्या पोशाखातील हसऱ्या मुली असतात, मागे चार मजली इमारत असते. "हॉस्पिटल आपलेच आहे, नोकरी नक्की, पुढे परदेश," असे तो सांगतो. बाप लावणीच्या गडबडीत असतो. आई म्हणते, पोर सिस्टरसारखी होईल, चार जणांच्या उपयोगी पडेल. सोसायटीत सोने तारण पडते आणि मुलगी ट्रंक घेऊन रात्रीच्या गाडीत बसते.

आमच्या माहितीतील एका घरात असेच झाले. घर आपल्याच पंचक्रोशीतले आहे. नाव आम्ही देत नाही, त्या शाळेचेही देत नाही. मुलीने स्वतः आम्हांस जे सांगितले तेवढेच लिहितो. दाखला झाला तेव्हा दाखविलेले रुग्णालय दुसऱ्याच कोणाचे होते. प्रत्यक्षात या मुलींना आज या नर्सिंग होममध्ये, उद्या त्या, असे फिरविले जाई, आणि तेथे त्यांच्या वाट्याला येई ते फरशी पुसणे व केसपेपर लावणे. पहिल्या वर्षभरात तिने शिक्षिकेच्या देखरेखीखाली एकही इंजेक्शन दिले नाही. तपासणीचा दिवस मात्र आधी आठवडाभर कळे. त्या दिवशी टेंपोतून माणसे आणून खाटांवर निजविली जात. दिवसाची मजुरी आणि दुपारचे जेवण. ज्या शिक्षिका मुलींनी कधी पाहिल्या नव्हत्या त्या त्या दिवशी हजेरीपटावर सह्या करीत. "त्यातली एक बाई मला म्हणाली, माझे नाव तुला कोणी विचारले तर नीट सांग हं, आणि मग तिने मला तिचे नाव सांगितले," हे सांगताना ती पोर हसली. आम्हांस हसू आले नाही.

दुसऱ्या वर्षी शाळेची परवानगी नूतन झाली नाही. परीक्षेचे अर्ज परत आले. मालकाने वसतिगृह रिकामे करून घेतले. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे शाळेकडेच होती. ती मिळविण्यासाठी बापाला तीन खेपा घालाव्या लागल्या आणि तिसऱ्या खेपेला "उरलेली फी" भरावी लागली. आज ती मुलगी काजूच्या कारखान्यात सोलणीला जाते. सोने सोसायटीत आहे.

आता कोणी म्हणेल की कौन्सिलने आपले काम केले, खोटी शाळा बंद पाडली, मग तक्रार कशाची? आमची तक्रार हीच आहे. शिक्षा शाळेला झाली असे कागदावर दिसते. भोगली ती मुलीने. मालकाची इमारत उभी आहे आणि तीत आता दुसरा कोर्स चालतो.

या देखरेखीची मांडणी थोडी समजून घेतली पाहिजे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ सालचा आहे. त्यापूर्वी निरनिराळ्या प्रांतांत नर्सेसचे शिक्षण निरनिराळे होते, एका प्रांताची नोंदणी दुसऱ्यात चालेलच असे नव्हते. सर्व देशात एक दर्जा असावा म्हणून हा कायदा झाला. शाळा व परीक्षा तपासण्यासाठी तपासनीस पाठविण्याचा, आणि दर्जा ढासळल्यास मान्यता काढून घेण्याचा अधिकार त्यात आहे. त्याशिवाय प्रत्येक राज्याचे आपले कौन्सिल असते. कर्नाटकाचा त्यासंबंधीचा कायदा १९६१ सालचा, महाराष्ट्राचा १९६६ सालचा. नोंदणी तेथे होते. तिसरे घर परीक्षेचे. बी. एस्सी. असेल तर विद्यापीठ, म्हणजे आपल्याकडे बंगळुरूचे राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, महाराष्ट्रात नाशिकचे, जी. एन. एम. असेल तर कर्नाटकात राज्याचे पदविका परीक्षा मंडळ. आणि या सर्वांआधी राज्य सरकारची परवानगी.

एका शेताला इतके राखणदार असताना डुकरे शिरतात कशी? आमचे उत्तर असे की राखणदार पुष्कळ असले म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर झोपतो. कर्नाटकात तर संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार केंद्रीय कौन्सिलचा की राज्याचा, यावरच वाद होऊन २०१७ साली तो उच्च न्यायालयात गाजला. कायद्याच्या दृष्टीने तो वाद महत्त्वाचा असेल. पण त्या वर्षी ज्या बापाने मुलीला बंगळुरूस पाठविले होते त्याला एवढाच प्रश्न होता की आपल्या पोरीचा कागद दुसऱ्या राज्यात चालणार की नाही. त्याला उत्तर द्यावयास कोणीच मोकळे नव्हते.

नियम वाईट आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. कौन्सिलच्या नियमांत शाळेला स्वतःचे शंभर खाटांचे रुग्णालय हवे, खाटांपैकी निदान ७५ टक्के भरलेल्या हव्यात, दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत, असे सांगितले आहे. हे आकडे कोणी उगाच बसविलेले नाहीत. नाडी कशी लागते, सलाईन कधी थांबवावे, बाळंतिणीचा रक्तस्राव नेहमीचा कोणता आणि जीवघेणा कोणता, हे पुस्तकातून कळत नाही. दूध काढणे जसे म्हशीखाली बसल्याशिवाय येत नाही तसेच ते आहे. आणि ही मुलगी उद्या कोठे काम करणार? आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात. रात्री दोन वाजता डॉक्टर नसताना आपल्या सुनेच्या उशाशी तीच उभी असणार. म्हणून नर्सिंगच्या शाळेची तपासणी हा केवळ शिकणाऱ्यांच्या घरचा प्रश्न नाही.

नियम चांगले आणि तपासणी खोटी, असे झाले म्हणजे काय होते ते मध्य प्रदेशाने दाखविले. इंदूर व ग्वाल्हेर येथे आपले मराठी बोलणारे बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना हे नवे नाही. कोरोनाच्या साथीच्या काळात तेथे नर्सिंगची महाविद्यालये भराभर उघडली. २०२२ साली जबलपूरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने उच्च न्यायालयात अर्ज केला की यांतील कित्येक केवळ कागदावर आहेत, कोठे एकाच इमारतीच्या पत्त्यावर अनेक, तर कोठे एकाच शिक्षकाचे नाव अनेक ठिकाणी. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने काही महाविद्यालयांची चौकशी सीबीआयकडे दिली, आणि पुढे ती राज्यभर वाढली. तीनशेहून अधिक महाविद्यालये तपासली गेली. २०२४ च्या आरंभी न्यायालयापुढे आलेल्या अहवालात १६९ योग्य ठरली, सत्तरेक त्रुटी असलेली आणि साठाहून अधिक सर्वस्वी अयोग्य.

येथवर वाचून बरे वाटते. पण त्याच २०२४ च्या मे महिन्यात सीबीआयने आपल्याच निरीक्षकाला अटक केली. महाविद्यालयांना अनुकूल अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याचा आरोप होता. त्याच्याबरोबर दलाल व महाविद्यालयांशी संबंधित माणसेही पकडली गेली. म्हणजे चाळण लावावयास जो बसविला त्यानेच चाळणीला भोक पाडले! मग न्यायालयाने त्या १६९ "योग्य" महाविद्यालयांचीही पुन्हा तपासणी करण्याचा हुकूम दिला. या वेळी न्यायाधिकारी सोबत असावेत आणि सर्व पाहणीचे चित्रीकरण व्हावे, असे त्यात होते. याच सुमारास राज्य सरकारने ६६ अयोग्य महाविद्यालये बंद करण्याचे आदेश काढले.

आणि मुली? २०२३ साली परीक्षांना स्थगिती मिळाली होती. २०२०-२१ मध्ये दाखल झालेल्या अनेकांची पहिल्या वर्षाची परीक्षा २०२४ उजाडेपर्यंत झालेली नव्हती. पुढे न्यायालयाने त्यांना परीक्षेस बसण्याची वाट करून दिली हे खरे. पण विशीतील मुलीची तीन वर्षे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्याला आम्ही सांगावयास नको. कर्जाचे व्याज स्थगितीत थांबत नाही.

न्यायालयाचा आम्ही दोष काढीत नाही. न शिकलेल्या मुलींना नर्स म्हणून बाहेर सोडावे असे कोण म्हणेल? आमचे म्हणणे शिस्तीच्या क्रमासंबंधी आहे. प्रथम नवे प्रवेश थांबवा. मग मालकाकडून फी व्याजासह वसूल करून मुलींना परत द्या. आत असलेल्या मुलींना जवळच्या खऱ्या रुग्णालयाच्या शाळेत हलवा, त्यांची परीक्षा घेऊन पाहा, जे राहिले आहे ते शिकवा, लागल्यास सहा महिने अधिक घ्या. आणि शेवटी शाळा बंद करा. आज बहुतेक ठिकाणी हे उलट्या टोकाने होते. दाराला कुलूप प्रथम लागते आणि मुलींचे काय ते नंतर पाहू, असे म्हटले जाते.

२०२३ साली संसदेने नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा नवा कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्याची जागा त्याने घ्यावयाची आहे. त्यात संस्थांची पाहणी व प्रतवारी करण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ सांगितले आहे, आणि ताकीद, दंड, जागा कमी करणे, प्रवेश थांबविणे, मान्यता काढण्याची शिफारस, अशा चढत्या पायऱ्या त्या मंडळाच्या हाती दिल्या आहेत. ही पायरी-पायरीची कल्पना आम्हांस पसंत आहे. पूर्वी मान्यता असणे किंवा नसणे एवढेच पालकास कळे, आणि तेही उशिरा. प्रतवारी प्रसिद्ध झाली तर चांगले-वाईट निदान डोळ्यांपुढे येईल. परंतु कायद्याने तपासनिसाची नियत बदलत नाही. तपासणी न कळविता झाली पाहिजे, आणि तिचा अहवाल जसाच्या तसा, मराठीत व कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचावयास मिळाला पाहिजे. इंग्रजीत शंभर पानांचा अहवाल राजधानीच्या कपाटात राहिला तर त्याचा आम्हांस काय उपयोग?

येथे आपल्या घरचीही एक गोष्ट बोलली पाहिजे. नर्सिंग आणि आपली ख्रिस्तसभा यांचे नाते जुने आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी यांनी १९४३ साली गुंटूर येथे कॅथोलिक रुग्णालयांची संघटना उभी केली, ती आज देशभर पसरली आहे. खेडोपाडी सिस्टरांच्या दवाखान्यांनी कित्येक मुलींना हाताला धरून शिकविले. अशा काही लहान शाळा शंभर खाटांच्या नियमात बसल्या नाहीत आणि बंद पडल्या. याची हळहळ आम्हांस आहे. चाळीस खाटांच्या पण भरलेल्या दवाखान्यात, एका कडक सिस्टरच्या हाताखाली शिकलेली मुलगी ही शंभर रिकाम्या खाटांच्या शाळेतील मुलीपेक्षा केव्हाही उजवी. म्हणून आम्हांस वाटते की तपासनिसाने खाटा मोजण्यापेक्षा गेल्या वर्षभराचे भरतीचे रजिस्टर पाहावे, किती बाळंतपणे झाली ते पाहावे, आणि दोन मुलींना बाजूला घेऊन पट्टी बांधून दाखवावयास सांगावे. अर्ध्या तासात सारे कळेल.

पण या हळहळीच्या आड आपणही लपू नये. "आमची संस्था मिशनची आहे, आम्हांस कोण विचारणार," अशी भाषा आम्ही आपल्याच काही मंडळींच्या तोंडून ऐकली आहे. ती आम्हांस आवडली नाही. क्रूस दारावर असला म्हणजे हजेरीपट खरा असतोच असे नाही. उलट आपल्या शाळांनी पुढे होऊन सांगावे की कधीही या, न कळविता या. तसे केले तर दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस राहील. हे लिहिल्याबद्दल एखादे फादर आमच्यावर रागावतील. त्यांनी अवश्य उत्तर लिहावे, याच पानावर छापू.

सरकार सुधारेल तेव्हा सुधारेल. यंदाच्या मुली यंदाच जाणार आहेत. तेव्हा आपण शंभर दाण्यांची परीक्षा येथेही करावी. एजंटाकडे पुस्तिका मागू नका, कौन्सिलचे पत्र मागा, आणि ते याच वर्षाचे आहे ना, त्यावर जागा किती लिहिल्या आहेत, ते पाहा. परवानगी वर्षागणिक असते. चार वर्षांपूर्वीचे पत्र फ्रेममध्ये लावलेले असले तरी ते मुदत संपलेल्या बियाण्यासारखेच. तेच नाव राज्य कौन्सिलच्या आणि विद्यापीठाच्या किंवा परीक्षा मंडळाच्या यादीत आहे का, हे कोणा शिकलेल्या पोराकडून फोनवर पाहून घ्या. यादीतील गाव आणि तुम्हांस दाखविलेले गाव एकच आहे ना, हेही पाहा. रुग्णालय कोणते ते लिहून घ्या आणि कोणत्याही आड दिवशी, दुपारच्या वेळी, रुग्णाला भेटावयास आल्यासारखे तेथे जा. वॉर्डात माणसे निजलेली आहेत का? औषधाचा वास येतो का? बाहेर नातेवाईक डबे घेऊन बसलेले आहेत का? ज्या रुग्णालयाच्या फाटकाशी चहाची टपरी चालत नाही ते रुग्णालय चालत नाही, असे आमचे एक मित्र म्हणतात, आणि आम्हांस ते पटते.

शेवटच्या वर्षाची मुलगी भेटली तर तिला शाळा चांगली आहे का असे विचारू नका, ती बिचारी होच म्हणेल. तिला विचारा की या महिन्यात रात्रपाळी किती झाल्या, आणि बाळंतपणे तू स्वतः किती केलीस. पैसे भरताना पावती संस्थेच्या नावाची घ्या, एजंटाच्या हाती रोख देऊ नका. मूळ प्रमाणपत्रे दाखवा आणि परत घ्या, सत्यप्रती ठेवा. मूळ कागद संस्थांनी अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षणसंस्थांना कळविले आहे. जी शाळा प्रमाणपत्रे सोडावयास तयार नसते तिला मुलगी पळून जाईल अशी भीती असते, आणि अशी भीती तिला का वाटते याचा आपण विचार करावा.

आणि आधीच अडकलेल्या मुली? आमच्या पॅरिशमध्ये अशा आणखी असाव्यात असा आमचा तर्क आहे. लाजेने घरचे बोलत नाहीत. त्यात लाजण्यासारखे काही नाही, फसविणाऱ्याने लाजावे. प्रत्येक घराने वेगवेगळा अर्ज केला तर तो टेबलाखाली जातो. पावत्या, हजेरीचे कागद, परीक्षेचे अर्ज, जे जे असेल ते एकत्र करून राज्य कौन्सिलला, विद्यापीठाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना एकच अर्ज सर्वांच्या सह्यांनी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि दुसऱ्या शाळेत बदली मिळावी अशी स्पष्ट मागणी त्यात करावी. त्या काजूच्या कारखान्यातील मुलीचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. त्यावर आणखी सह्या हव्यात.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दवाखान्याच्या सिस्टर शाळेच्या व्हरांड्यात बसणार आहेत. ज्यांच्या घरी यंदा बारावीची मुलगी आहे, किंवा जिची परीक्षा अडली आहे, त्यांनी कागद घेऊन यावे. झेरॉक्स चालेल. एजंटाने दिलेली पुस्तिका असेल तर तीही आणावी.